गाडी एका अंगाला ओढते? अलाइनमेंटच्या आधी हे तपासा

"भाऊ, गाडी लेफ्टले ओढून रायली." पावसाळा सरता सरता आमच्या विदर्भातल्या गॅरेजवर ही तक्रार सगळ्यात जास्त येते. पांदण रस्त्यानं वावरात ये-जा केलेली पिकअप असो, की खड्ड्यांतून रोज तालुक्याला जाणारी घरची कार. तक्रार ऐकली की समोरच्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "अलाइनमेंट मारून घ्या," म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घ्या. मग माणूस तालुक्याच्या गावी जातो, मशीनवर गाडी चढवतो, पैसे देतो, आणि परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा डावीकडेच सरकते. एका टायरात हवा कमी असते, किंवा एका चाकाचा ब्रेक धरून राहिलेला असतो. मशीन यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या बहुतेक तपासण्या अंगणात होतात. हवेचा गेज, टेप, सुतळी, खडू, टॉर्च, जॅक, स्टँड आणि पाने एवढं सामान पुरतं. फुकटातलं आधी तपासायचं, पैशाचं नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दरवेळी त्याच रस्त्यावर गाडी चालवून बघायची. हवा, टायर, ब्रेक सगळं एकदम केलं तर गाडी सरळ होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि चार महिन्यांनी तीच तक्रार आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं कार, जीप आणि लहान मालवाहू गाड्यांसाठी आहे. ट्रॅक्टर आणि मोठ्या ट्रकचं गणित वेगळं.

आधी नीट विचारा: नेमकी कधी ओढते?

अर्धं निदान या एका प्रश्नात आहे. गाडी सारखी ओढते, की फक्त ब्रेक दाबल्यावर? एक्सलरेटर दिला की ओढते आणि सोडला की सरळ होते? खड्ड्यात चाक आदळल्यापासून सुरू झालं, की टायर बदलल्यापासून? रिकामी असताना ओढते, की माल भरल्यावरच? उजवं वळण घेतल्यावर उजवीकडे आणि डावं घेतल्यावर डावीकडे ओढत राहते का?

उत्तरं कागदावर लिहून ठेवा. सारखी ओढत असेल तर हवा, टायर, धरलेला ब्रेक किंवा वाकलेला पार्ट यांच्याकडे बघायचं. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल तर ब्रेक आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश. फक्त जोर दिल्यावर ओढत असेल तर पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत इंजिनचं माउंटिंग किंवा बुश. शेवटची गोष्ट, म्हणजे शेवटच्या वळणाच्या बाजूला ओढत राहणं, कुठंतरी काहीतरी जाम असल्याची खूण आहे. शॉकअपच्या वरची बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टेअरिंगचा सांधा घट्ट झालेला असतो, म्हणून चाक पूर्ण सरळ होत नाही.

आणखी एक फरक ओळखायला हवा. गाडी ओढणं वेगळं आणि स्टेअरिंग वाकडं असणं वेगळं. गाडी सरळ चालते, पण स्टेअरिंग मात्र थोडं तिरपं धरावं लागतं, तर ती ओढ नव्हे. तो 'टो'चा (चाकं वरून बघता पुढच्या टोकाला आत किंवा बाहेर वळलेली असणं) किंवा मागच्या चाकांच्या दिशेचा प्रश्न असतो. लोक दोन्हीला एकच नाव देतात आणि कारागीर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

रस्त्याचा उतार वजा करा

पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. हा उतार साधारण दोन ते अडीच टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे कायम डाव्या उतारावर चालवतो. त्यामुळं चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. त्यात आपल्याकडे खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि रस्त्याच्या कडा खचतात. अशा खचलेल्या कडेवर गाडी डावीकडे ओढली तर त्यात गाडीचा दोष नाही. वणी-घुग्घूसकडे कोळशाच्या जड गाड्यांनी रस्त्यावर चाकोऱ्या पाडल्या असतील तर तिथं गाडी चाकोरी धरूनच चालते. अशा ठिकाणी तपासणी करूच नका.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल, तर रस्त्याच्या उताराला दोष देता येत नाही. ती उतार चढून उजवीकडे जाते आहे, म्हणजे दोष नक्की गाडीत आहे आणि बऱ्यापैकी आहे.

तपासायला सपाट, सरळ आणि मोकळी जागा हवी. जिनिंगचं किंवा बाजार समितीचं काँक्रीटचं मोठं आवार हंगाम नसताना मोकळं असतं. परवानगी घेऊन तिथं ताशी २५–३० किलोमीटरच्या वेगानं चालवून बघता येतं. मग सकाळी लवकर, रहदारी नसताना, ओळखीच्या सरळ रस्त्यावर ताशी ५०–६० च्या वेगानं. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणून दोन्ही हात सोडून बघायचा मोह टाळा. तळवे स्टेअरिंगला नुसते टेकलेले ठेवा. ओढ हाताला कळते. शे-दीडशे मीटरमध्ये गाडी डावीकडे किंचित सरकली तर सोडून द्या. पाच-सहा सेकंदांतच ती रस्त्याच्या कडेला जाऊ लागली, किंवा सरळ ठेवायला सारखा हाताचा जोर लावावा लागत असेल, तर पुढं तपासा. समृद्धी महामार्ग या कामाला वापरू नका. तिथं वेग जास्त, थांबायला मनाई, आणि ज्या गाडीवर आधीच शंका आहे ती तिथं नेण्यात अर्थ नाही.

गाडी रिकामी करूनच बघायची. वरुड-मोर्शीकडच्या पिकअपमध्ये संत्र्याचे क्रेट एका बाजूला जास्त लागले, की पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) त्या बाजूला दबतात आणि गाडी कलते. मालाचा तोल आधी सारखा करा, मग गाडीला नावं ठेवा.

हवा: गेजवर विश्वास, अंदाजावर नाही

चाकाला लाथ मारून किंवा डोळ्यानं बघून हवा कळत नाही, आणि ट्यूबलेस रेडियल टायरात तर अजिबात नाही. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला स्पष्ट ओढते. बंडीला जुंपलेल्या दोन बैलांतला एक मागं रेंगाळला की बंडी त्याच्याच अंगाला वळते, तसंच इथं होतं. कमी हवेचं चाक जास्त दबतं, त्याला चालायला जास्त जोर लागतो, ते मागं राहतं.

कंपनीनं सांगितलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. छोट्या कारला तो बहुतेक ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास असतो. पिकअपच्या मागच्या चाकांना माल भरल्यावर बराच जास्त. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते.

हवा थंड टायरात मोजायची, म्हणजे सकाळी गाडी हलवायच्या आधी. आपल्या उन्हात हे फार महत्त्वाचं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की टायरातला दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे नागपुरात तो दहाच्या खाली येतो. उन्हाळ्यात दुपारी, गाडी चालवून आल्यावर भरलेली हवा हिवाळ्यात पाच पीएसआयहूनही जास्त कमी दिसते ती यामुळं. कडुनिंबाखाली उभ्या गाडीची दोन चाकं सावलीत आणि दोन उन्हात असली, तरी दोन्ही बाजूंचा आकडा वेगळा येतो. अशा वेळी "समान" भरलेली हवा प्रत्यक्षात असमान असते.

चारही चाकं आणि स्टेपनी मोजा, आकडे लिहा, सारखी हवा भरा, आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा. एकच चाक पुन्हा खाली आलं असेल तर ते गळतंय. आपल्याकडे पहिला संशय बाभळीच्या काट्यावर. ट्यूबलेस टायरात काटा रुतला की तो स्वतःच भोक अडवून धरतो आणि हवा आठवडाभर हळूहळू जाते, म्हणून पंक्चर लक्षातच येत नाही. साबणाचं पाणी चाकावर, व्हॉल्व्हवर आणि रिमच्या काठावर लावा. बारीक फेस जिथं फुगत राहतो तिथं गळती. रिमच्या काठावर गंज किंवा वाळलेली काळी माती बसली असेल तरी टायर तिथं नीट बसत नाही. पंक्चरवाल्याला काठ घासून साफ करायला सांगा, नुसती हवा मारून निघू नका.

टायर: हात फिरवा, मग अदलाबदल करा

हवा सारखी केल्यावरही ओढ राहिली तर टायरकडे वळा. तळहात टायरवर आतून बाहेर आणि मग बाहेरून आत हळूच फिरवा. तार बाहेर आली असेल तर हात कापतो, म्हणून आधी डोळ्यानं बघून घ्या. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खरखरीत लागलं तर टो बिघडलेला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा कल). मध्येच झिजलं असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. आतली कड स्टेअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नाही आणि बहुतेकांचा टायर तिथंच संपलेला असतो. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर बाकी तपास बाजूला ठेवून टायर बदला. भिंतीवर फुगा आला असेल तर आजच.

एका एक्सलवर दोन वेगळे टायर, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला), किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे. छापील माप एकच असलं तरी घेर एक नसतो. हे सुतळीनं मोजता येतं. चाक जॅकवर घेऊन टायरच्या मधोमध सुतळी एकदा गुंडाळा, जिथं टोक मिळतं तिथं खडूनं खूण करा आणि ती टेपवर धरा. दुसऱ्या बाजूचंही तसंच. फरक दीड-दोन सेंटिमीटर निघाला तर ती जोडी पुढं नको. टायरचं वयही बघा. भिंतीवरच्या लांब क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

आता खरी परीक्षा. पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावा. गाडी आधी डावीकडे ओढत होती आणि आता उजवीकडे ओढायला लागली, तर दोष टायरात. रेडियल टायरच्या आतले पट्टे किंचित वाकडे बसले असले की तो सरळ न चालता एका बाजूला वळत जातो, आणि हे बाहेरून अजिबात दिसत नाही. ओढ नाहीशी झाली तरी टायरच कारण होता. चाकं आहेत तशीच राहू द्या. काहीच फरक पडला नाही तर टायर निर्दोष, पुढं चला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र डावं-उजवं बदलू नका. त्याच बाजूची पुढची-मागची चाकं बदलून बघा. टायरची मापं पुढं-मागं वेगळी असतील तर तेही करू नका.

ही एक अदलाबदल करायला पाऊण तास लागतो आणि तिनं जितके अंदाज निकालात निघतात तितके दुसऱ्या कशानं निघत नाहीत. तरी अलाइनमेंटच्या दुकानात फार थोडे लोक ती करतात.

ब्रेक: इथं जास्त वेळ द्या

ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट डोक्यात पक्की असली पाहिजे. ब्रेक न दाबता गाडी उजवीकडे ओढत असेल, तर उजवा ब्रेक धरून राहिलेला आहे. ब्रेक दाबल्यावर उजवीकडे ओढत असेल, तर बहुतेक वेळा उजवा ब्रेक चांगला आहे आणि डावा कमी लागतोय. दोन्हीत गाडी उजवीकडेच जाते, पण बिघाड विरुद्ध बाजूंना असतो. इथंच गोंधळ होतो आणि चांगल्या बाजूचे पॅड बदलले जातात.

आधी धरलेला ब्रेक शोधू. पाच-सात किलोमीटर मोकळ्या रस्त्यानं चालवा आणि ब्रेक जमेल तितका कमी वापरा. शेवटी वेग हळूहळू कमी होऊ देत थांबा. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, लावू नका. पुढच्या डाव्याची तुलना पुढच्या उजव्याशी, मागच्याची मागच्याशी. एक चाक स्पष्ट जास्त तापलं असेल, जळका वास येत असेल, तर तोच ब्रेक धरलाय. खात्री करायला बोटानं दोन थेंब पाणी रिमवर टाका. चर्र झालं की कळलं. तापलेल्या डिस्कवर बादलीनं पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, का धरतो, याचं कारण आपल्याकडे बहुतेक मातीत आहे. मागच्या हंगामात कपाशीच्या वावरातून रोज ये-जा करणारी एक पिकअप आली होती, डावीकडे ओढत होती. डाव्या कॅलिपरची खालची पिन हातानं सरकेना, पान्यानं फिरवून काढावी लागली. तिच्यावरची रबरी टोपी एका बाजूला चिरलेली होती आणि आत ग्रीसऐवजी काळी माती विटेसारखी घट्ट बसलेली. आतल्या बाजूचा पॅड जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता, बाहेरचा जवळपास सात. आतला आणि बाहेरचा पॅड असा वेगळा झिजलेला दिसला की पिन जाम, हे लक्षात ठेवा. पिन साफ करून, नवी टोपी घालून, ब्रेकचंच ग्रीस लावलं की काम होतं. बेअरिंगचं साधं ग्रीस इथं चालत नाही. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते.

पिन मोकळी असूनही चाक धरत असेल तर पिस्टन गंजलेला असेल, किंवा ब्रेकची रबरी नळी आतून फुगली असेल. कोणतं ते ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक जड फिरतंय ना बघा. मग त्या कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ब्रेकचं तेल सोडायची लहान तोटी) किंचित सैल करा. तेल पिचकारीसारखं निघालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकत होता. एकच चाक धरत असेल तर बहुधा नळी खराब, दोन्ही बाजू धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं दाब तयार करणारा) बघा. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन. नंतर ब्रेकमधली हवा काढायला विसरू नका. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि तोच पिस्टनला आतून गंजवतो, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदललेलं बरं, दिसायला स्वच्छ असलं तरी.

ब्रेक दाबल्यावर ओढणारी गाडी असेल तर मोकळ्या जागी ताशी ४० च्या वेगावर मध्यम ब्रेक मारून बघा, मग एकदा हलका. दोन्ही वेळा ओढ एकसारखी असेल तर ज्या बाजूला गाडी जात नाही त्या बाजूचे पॅड, पिस्टन आणि डिस्क उघडा. पॅडवर तेल किंवा ग्रीस लागलेलं असेल तर पॅड बदलावेच लागतात. घासून किंवा पेट्रोलनं धुऊन ते पहिल्यासारखे होत नाहीत. मागच्या ड्रममध्ये सिलिंडर गळत असेल किंवा एक्सलचं ऑइल सील गेलं असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ओले होतात. हँडब्रेकची केबल गंजून एका बाजूला अडकली तरी मागचं एक चाक तापतं. लायनर काढताना येणारी धूळ फुंकून उडवू नका, तोंडाला रुमाल बांधा आणि ओल्या फडक्यानं पुसा.

पेडल मऊ झालं असेल किंवा खाली जात असेल, तर गाडी ओढते की नाही हा प्रश्न मागं पडतो. ती गाडी चालवू नका.

जॅकवर: ढिलाई शोधा

काळ्या मातीवर जॅक कधीच लावू नका. तो एका बाजूनं खचतो आणि गाडी घसरते. पक्की जमीन नसेल तर खाली जाड, रुंद फळी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड किंवा मजबूत ठोकळा लावल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही. विटांचा ढीग म्हणजे स्टँड नव्हे.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढचं एक-एक चाक हातानं फिरवा आणि दोन्हींची तुलना करा. घरघर आली तर बेअरिंग. मग चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कोणतं ते कळायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट. आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथली ढिलाई बहुधा टाय रॉड एंडची (स्टेअरिंग आणि चाक जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाची) किंवा स्टेअरिंगच्या रॅकची. रबरी बूट फाटून आत माती गेलेली असेल तर तो जॉइंट आज ना उद्या जाणारच.

लोअर आर्मच्या बुशसाठी टॉर्च आणि लांब पाना लागतो. बुशमध्ये आडव्या चिरा किंवा रबर धातूपासून सुटलेलं दिसलं की बदला. असा बुश ब्रेक मारताना चाकाला मागं जाऊ देतो आणि गाडी ओढते; सोबत "खट" असा आवाज येतो.

आता टेप घ्या. सपाट जागी, स्टेअरिंग सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. काही मिलिमीटरचा फरक मोजण्यातही होतो. फरक सेंटिमीटरच्या वर असेल तर एका बाजूचा आर्म वाकलाय, किंवा मागचा एक्सल सरकलाय. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही चारही ठिकाणी मोजा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली.

मालवाहू गाडीत हे माप फार बोलकं असतं. पाटे एकमेकांना धरून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले पडले, की एक्सल एका बाजूला मागं सरकतो. गाडी तिरपी चालते. मागून बघणाऱ्याला ते लगेच दिसतं. एकटे असाल तर धुळीच्या सपाट जागेवर गाडी सरळ चालवा आणि उतरून चाकांचे ठसे बघा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांपेक्षा दोन्ही बाजूंना एकाच दिशेला सरकलेले असतील तर पाट्यांखाली बघा. यू-बोल्ट ठरलेल्या जोरानं (टॉर्क) न आवळता अंदाजानं आवळलेले असतील तर भरलेल्या गाडीत ते पुन्हा सुटतात.

शेवटी अलाइनमेंट, आणि तिथं काय मागायचं

इथपर्यंत सगळं ठीक करून मगच मशीनवर जा. ढिला जॉइंट ठेवून केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतं.

जायच्या आधी टो घरीच ढोबळ मोजता येतो. पुढच्या दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, नक्षीच्या मधोमध खडूनं खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. गाडी हळूच पुढं ढकला, म्हणजे त्याच खुणा फिरून पुढच्या बाजूला, त्याच उंचीवर येतील. पुन्हा मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत हा फरक शून्य ते दोन-तीन मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. एक-दोन सेंटिमीटर फरक आला तर टायर महिन्याभरात संपेल.

मशीनवर चढवायच्या आधी हवा भरायला लावा, गाडीतला जड माल काढा. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. त्यात फक्त हिरवा रंग (आकडा मर्यादेत असल्याची खूण) बघू नका, डाव्या-उजव्यातला फरक बघा. दोन्ही बाजू मर्यादेत असूनही एक वरच्या टोकाला आणि दुसरी खालच्या टोकाला असेल तर गाडी ओढतेच. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलेलं, त्या बाजूला गाडी जाते. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं-मागचा कल. ज्या बाजूला तो कमी, त्या बाजूला गाडी जाते. दोन बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर संशय धरा.

पुढच्या चाकांचा टो एकट्यानं सहसा गाडी ओढत नाही. तो टायर खातो आणि स्टेअरिंग तिरपं करतो. बऱ्याच छोट्या कारमध्ये मात्र मशीनवाल्याला फक्त टोच बदलता येतो. कॅम्बर, कॅस्टर बदलायची सोयच कारखान्यानं दिलेली नसते. म्हणून "अलाइनमेंट केलं तरी ओढते" हे ऐकू येतं. अशा गाडीत कॅम्बर किंवा कॅस्टर बिघडलेला असेल तर पार्ट वाकलाय: लोअर आर्म, चाकाचा नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग), शॉकअप, किंवा अपघातानंतर इंजिनखालची क्रॉसमेंबर सरकलेली. तो पार्ट बदलावा लागतो. गॅसनं तापवून ठोकून सरळ करून देणारे भेटतात. स्टेअरिंग आणि चाकाच्या पार्टबाबत हे कधीही स्वीकारू नका. तापवलेला लोखंडी पार्ट नंतर कधी तुटेल ते सांगता येत नाही.

हेही सगळं बरोबर निघालं तर पॉवर स्टेअरिंग उरतं. पुढची दोन्ही चाकं व्यवस्थित स्टँडवर घेऊन इंजिन सुरू करा. स्टेअरिंगला हात न लावता ते आपोआप एका बाजूला फिरू लागलं तर तेलाच्या स्टेअरिंगमध्ये आतल्या व्हॉल्व्हचा दोष. विजेवर चालणाऱ्या स्टेअरिंगमध्ये सेन्सरचा शून्य बिंदू सरकलेला असतो आणि तो स्कॅनर लावून पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी योग्य स्कॅनर असलेलं ठिकाण शोधा. हे काम पाना-हातोडीचं नाही.

ओढ अचानक सुरू झाली तर

वरचं सगळं हळूहळू वाढलेल्या ओढीसाठी. चालता चालता एकदम गाडी ओढली, तर ते बहुधा पंक्चर. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, एक्सलरेटर सोडा, जोरात ब्रेक मारू नका, वेग आपोआप कमी होऊ द्या आणि मगच डावीकडे घ्या. आपल्या रस्त्यांवर डाव्या कडेला नाली असते, अंधारात बिनदिव्याची बंडी असते, हंगामात सोयाबीन वाळत घातलेलं असतं. म्हणून ओढ थोडी वाटली तरी "चालतंय" म्हणून रात्रीच्या फेरीला निघू नका.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगानं, रिकाम्या गाडीनं पुन्हा बघा. मग एकदा माल भरून. चाकं काढली असतील तर नट समोरासमोरचे घेत आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. महिन्याभरानं पुढच्या टायरवर पुन्हा तळहात फिरवा, आतली कड धरून. खरखर लागली तर कागद घेऊन परत त्याच दुकानात जा आणि मोजायला लावा.